सहाशे एक्केचाळीसचं चिन्ह

सकाळी ती ऑफिसात जागेवर आली तेव्हा टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. उचलून बघितलं तर चांगलंच जड. कागद उलगडला तर लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा, अजून ओलसर, गंजाने आणि मातीने माखलेला, आणि त्यावर पांढऱ्या खडूने लिहिलेलं: ६४१. मधोमध एक भोक होतं. कडा फाटलेल्या नाहीत, वेड्यावाकड्या नाहीत, आतून घासून घेतल्यासारख्या गुळगुळीत. काही विचार न करता तिने त्यात करंगळी घातली, ती पहिल्या पेरापर्यंत गेली आणि लोखंडाचा थंडपणा बोटाला सगळीकडून लागला. मग तो आकडा तिने पुन्हा वाचला . बाकीचे आकडे विसरायला होतात. पाच हजारांवर मोजणीचे पॉइंट आहेत शहरात, कोण कुठवर लक्षात ठेवणार. पण सहाशे एक्केचाळीस ती अकरा वर्षांत विसरली नव्हती. तिने बोट बाहेर काढलं, रुमालाला पुसलं, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मान वर केली. समोरची कारकून आपला डबा खणात ठेवत होती.

तिचं काम समजावून सांगायची वेळ आली की ती ट्रामपासून सुरुवात करायची. ट्राम वरच्या तारेतून वीज घेते आणि खालच्या रुळांतून परत पाठवते. आता परतीची सगळी वीज काही शहाण्या मुलीसारखी रुळांतूनच घरी जात नाही. थोडी मातीत उतरते, जवळ पाण्याचा पाइप दिसला तर त्यात शिरते, त्यातून फुकटचा प्रवास करते आणि पुढे कुठेतरी बाहेर पडते. शिरते तिथे काही बिघडत नाही. बाहेर पडते तिथे मात्र जाताना पाइपाचं लोखंड कणाकणाने घेऊन जाते. म्हणून मोजणीवाल्यांनी रस्त्यावर जायचं, मीटरची लाल वायर पाइपाला लावायची, काळी वायर मातीत खोचलेल्या कांडीला, आणि पेटी दिवसभर तिथेच ठेवून यायचं. पेटी दर सेकंदाला एक आकडा टिपते. दिवसाचे शहाऐंशी हजार चारशे आकडे. ते या खोलीत येतात, त्यांची रेघ होते, आणि ट्राम गेली की रेघ खाली गेली तर पाइप सुखरूप, वर गेली तर धोका. एवढंच. पाहुणे माना डोलवायचे आणि विषय बदलायचे. पण वायरी उलट्या लागल्या तर वरचं खाली आणि खालचं वर होतं, हे ती कुणाला सांगत बसायची नाही.

साहेब दहाला आले आणि उभ्याउभ्याच बोलले. दोन दिवसांपूर्वी घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानासमोर रस्ता खचला, ट्रामचं पुढचं चाक अधांतरी राहिलं, दुकानाच्या तळघरात छातीभर पाणी. माणसं वाचली हेच नशीब. खणल्यावर दिसलं की तिथे एक जुना, कधीचा बंद पडलेला पाइप आडवा गेलाय, आणि वीज आपल्या पाइपातून निघून बरोबर त्या जागी त्याच्यात उडी मारत होती. आपल्या फाइलीत मात्र तो पॉइंट सुरक्षित. आणि सुरक्षित पॉइंटाची पाळी बारा वर्षांनी येते, म्हणजे मधे कुणी तिकडे फिरकलंच नाही. साहेबांनी पाइपाचा तुकडा हातात घेतला, जोखल्यासारखा वरखाली केला, परत ठेवला. पाइप काही खोटं बोलत नाही, ते म्हणाले, म्हणजे मोजणीच उलटी झालेली. मग जरा आवाज उतरवून म्हणाले की ती मोजणी तुमच्या भावाची होती, त्यांच्या नावावर आधीचे दोन शेरे आहेतच उलट्या वायरींचे, आणि काल संध्याकाळी त्यांना बोलावलं तर ते आले, तुकडा बघितला आणि काही न बोलता लिहून देऊन गेले. दोन महिन्यांत निवृत्त होतायत, त्यांना काही होणार नाही, काळजी करू नका. तुम्ही फक्त त्या पॉइंटच्या सगळ्या नोंदी काढून चारपर्यंत अहवाल द्या. दादाने लिहून दिलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. दीड ओळ होती. त्या दिवशी वायरी माझ्याकडून उलट्या लागल्या असाव्यात. खाली सही, नेहमीसारखी, शेवटचं अक्षर जरा लांबवलेली.

तिने तो कागद इतक्यांदा वाचला की अक्षरं सुटी सुटी दिसायला लागली. वायरी उलट्या नव्हत्या. फाइलीतली रेघ खाली जात होती कारण तिने ती खाली नेली होती. वायरी बरोबर होत्या हे जगात एकट्या तिलाच कळलेलं होतं, आणि आज सकाळपर्यंत ते तिला सुद्धा निराळंच माहीत होतं. अकरा वर्षं ती समजत आली होती की आपण दादाच्या चुकीवर पांघरूण घातलं. त्या दिवशीची दुपार तिला लख्ख आठवली, खिडकीतून येणारं उन्ह, पंख्याखाली फडफडणारे कागद, पडद्यावर एकाखाली एक लावलेल्या त्या रस्त्याच्या सात रेघा. सहा रेघा ट्रामगणिक खाली जात होत्या आणि सातवी, दादाची, ट्रामगणिक वर. सहाजणी मान खाली घालून चाललेल्या आणि एकच वर बघत निघालेली. तिला हसूच आलं होतं आधी. मग हसू ओसरलं, कारण नियम असा की अशा फाइलीवर शेरा मारायचा, वायरी उलट्या, मोजणाऱ्याचा नंबर अमुक, आणि दुरुस्ती पक्क्या फाइलीत करायची. कच्च्या फाइलीला कुणीही, कधीही हात लावायचा नाही. मूळ जसं आलं तसं राहिलं पाहिजे. आणि तिसरा शेरा बसला की माणसाची मोजणी बंद. दादाचे दोन बसलेले होते. ती उठून पाणी प्यायली, परत आली आणि कच्च्या फाइलीतच सगळ्या आकड्यांना उणे एकने गुणलं. शहाऐंशी हजार चारशे आकडे एका दमात उलटले. ना शेरा, ना खूण. फोन तिच्या हाताशी होता. दादा तेव्हा दोन रस्ते पलीकडेच काम करत होता, विचारता आलं असतं. पण विचारलं तर त्याला लागेल, असं तिला वाटलं होतं. निदान तिने तसं स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे विचारावं असं तिला वाटलंच नव्हतं, इतकी तिची खात्री होती.

आणि एवढ्यावर तरी थांबायचं. आपल्याच्याने राहवलं नाही, हे आज तिला सगळ्यांत जास्त टोचत होतं. आठवड्याने ती दादाकडे जेवायला गेली होती. वहिनी ताटं मांडत होत्या, दादा खुशीत होता, म्हणत होता की आता हात बसलाय माझा, महिन्यात एक चूक नाही. वहिनींनी थट्टा केली की शेजारी ओरडून सांगून येऊ का. सगळे हसले. आणि मग वहिनी आत गेल्यावर तिने हळूच सांगितलं. तिला शब्दही आठवत होते. “दादा, सहाशे एक्केचाळीस उलटा होता. मी सांभाळून घेतलंय, कुणाला कळायचं नाही.” त्याने आभार मानावेत, डोक्यावर टपली मारावी, असं काहीतरी तिला हवं होतं.  नक्की का, दादाने विचारलं. ती म्हणाली, अरे रेघ बघितली मी, नक्की. मग त्याने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला, जसं कुणी ओळखीच्या माणसाने खोटं बोलल्यावर त्याच्याकडे बघावं. त्या रात्री तो धड जेवला नाही. महिन्याभराने त्याने भांडारात बदली मागून घेतली. पाठ दुखते म्हणाला. उन्हातान्हात फिरणारा, रस्त्याचा प्रत्येक दगड ओळखणारा माणूस, तो खिळे आणि नटबोल्ट मोजून द्यायला जाऊन बसला, आणि सगळ्यांनी ते पाठीवर ढकललं. तिनेही.

कुलूप ओढायचं त्यानंतरच सुरू झालं असणार. तेव्हा कुणी तारीख लिहून ठेवली नाही. बाहेर पडताना दादा कुलूप लावायचा, ओढून बघायचा, दोन जिने उतरायचा, थांबायचा आणि परत वर जाऊन ओढायचा. एकदा, दोनदा, तीनदा. शेगडीचं बटण तसंच. पाण्याचा नळ तसाच. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, आमच्याकडे लग्नाला निघालं तर वरात येऊन परत जाते, हे आपले कुलपाशीच. घरभर हशा. दादाही हसायचा, जरा उशिराने. ती सगळ्यांत मोठ्याने हसायची. आता टेबलावरच्या त्या भोकाकडे बघताना तिला तो हशा ऐकू आला. लाज वाटली तिला, सरळ सांगायचं तर लाजच.

दादानेच तिला वीज शिकवली होती. ती पाचएक वर्षांची, तो पंधराचा. घरातली विजेरी बंद पडली की तो सेल काढायचा, एक तारेचा तुकडा घ्यायचा, तार सेलच्या बुडाला टेकवायची आणि दुसरं टोक आणि सेलचं डोकं एकदमच जिभेला. जिवंत असला तर जिभेवर बारीक आंबट मुंग्या येतात. मेलेला असला तर नुसतं पत्र्याची चव. ती डोळे घट्ट मिटून जीभ बाहेर काढायची आणि तो विचारायचा, मने, जिवंत की मेलेला? घरात तिला मनी म्हणत, पावलं वाजत नाहीत म्हणून. ती मुद्दाम उलटं सांगायची. तो म्हणायचा, तू म्हणतेस तर तसं, आणि जिवंत सेल खरोखर टाकून द्यायला निघायचा, मग तीच ओरडून त्याला थांबवायची. तिच्या शब्दावर तो एवढा विश्वास ठेवायचा की त्याचा खेळ व्हायचा. खेळ कुठे संपला ते त्या दोघांनाही कळलं नाही.

साहेबांना सगळ्या नोंदी हव्या होत्या, म्हणजे मोजणीच्या वेळी हाताने भरलेला कागद पण. हे कागद पेटीतल्या आकड्यांनंतर एक दिवसाने यायचे आणि सरळ खोक्यांत जायचे. आकडे पडद्यावर आल्यावर कागद कोण बघतो? ती खाली अभिलेखांच्या खोलीत गेली. दमट वास, नळीच्या दिव्याची गुणगुण. त्या वर्षाचं खोकं सगळ्यांत खालच्या फळीवर. जमिनीवर बसून तिने कागद उलटले आणि पाऊण तासाने दादाचं अक्षर सापडलं, पेन्सिलीतलं, ठळक, एकेक आकडा नीट उभा. पॉइंट ६४१. घड्याळ दुकानासमोर. लाल पाइपला, काळी मातीतल्या कांडीला. आणि समासात, छापील रकाना नाही तिथे, बारीक अक्षरात: सुरुवातीस दहा सेकंद सेल लावून पाहिला, अधिक दीड, मग जोडणी. ती ओळ तिने पुन्हा वाचली. दोन शेरे बसल्यावर दादाने आपल्यापुरती ही युक्ती काढली होती. खिशात विजेरीचा सेल ठेवायचा, लाल वायर त्याच्या डोक्याला, काळी बुडाला, पेटीने अधिक दीड दाखवलं तर वायरी बरोबर, मगच पाइपाला लावायच्या. कुणाला बोलला नाही. बोलला असता तर लोक म्हणाले असते, बघा, लाल-काळं कळायला याला सेल लागतो.

ती जिने चढून वर आली तेव्हा धाप लागली होती. तिने ती जुनी कच्ची फाइल उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा अगदी वरून वाचायला घेतली. पहिलं एक मिनिट कुणीच वाचत नाही. तेव्हा माणूस वायरी हाताळत असतो, आकडे कुठेही उड्या मारतात, म्हणून ते मिनिट कापून टाकायची पद्धतच आहे, आणि ती पद्धत नव्या मुलींना तीच शिकवायची. त्या कापायच्या मिनिटात दहा आकडे एकासारखे एक उभे होते. उणे दीड. उणे दीड. उणे दीड. कागदावर अधिक आणि फाइलीत उणे. तिने सगळ्याबरोबर सेलही उलटा केला होता. दादाची खूण अकरा वर्षं तिच्याच फाइलीत पडून होती आणि तिला ती बघायची गरज वाटली नव्हती. तिच्या जिभेवर पत्र्याची चव आली, खरीच आली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवून घेतलं.

साडेतीनला तिने अहवाल लिहिला. वाक्यं सरळ आली, कारण त्यांत काही रचायचं नव्हतं. फाइलीतल्या आकड्यांना मूळ चिन्ह परत लावलं, शेऱ्याच्या रकान्यात स्वतःचा नंबर घातला आणि दादाच्या मोजणीच्या कागदाची प्रत जोडली. साहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला, दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले की तुमच्या भावाने लिहून दिलंय, प्रकरण तिथेच मिटतंय, त्यांच्या निवृत्तीला धक्का नाही. कच्च्या फाइलीला हात लावला हे तुम्ही लेखी दिलंत तर मला पुढे पाठवावंच लागेल.

“हे दिल्यावर तुम्ही या खोलीत राहणार नाही, कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग?”

 ती म्हणाली, “त्याची मोजणी बरोबर होती, साहेब.”

त्यांनी अहवाल ठेवून घेतला. बाहेर येऊन तिने पाइपाचा तुकडा परत वर्तमानपत्रात गुंडाळला. नेता येत नव्हता तो, पुराव्याचा होता. मोजणीच्या कागदाची दुसरी प्रत मात्र तिने पर्समध्ये घातली.

ट्राममध्ये बसायला जागा होती तरी ती उभीच राहिली. पायाखाली चाकांचा आवाज, वर तारेची सरसर, आणि खाली मातीत कुठे कुठे काय काय उतरत असेल ते तिला आज आकड्यांशिवाय कळत होतं. घड्याळवाल्याच्या रस्त्याला पत्रे ठोकले होते म्हणून गाडी वळणाने गेली. दादाचा जिना ती सावकाश चढली. साहेबांना सांगणं सोपं होतं. त्यांचं तिने काही घेतलं नव्हतं.

दादाने दार उघडलं. वहिनी कामावरून यायच्या होत्या. तो शर्टाचं बटण लावत होता, एक लावून झालेलं परत चाचपत होता. ये मने, म्हणाला, आणि तिचं तोंड बघून तोच म्हणाला की कालचं ना, सोडून दे, मी लिहून दिलंय, तुझं नाव कुठे येणार नाही. अकरा वर्षांपूर्वी तू सांभाळलंस, आता माझी पाळी. तिला रडू आलं. रडत रडत बोलणं तिला आवडायचं नाही, पण दुसरा इलाज नव्हता. ती सगळं बोलली. सहा रेघा, सातवी रेघ, उणे एक, आडवा गेलेला बंद पाइप. रेघ वर जायलाच हवी होती, दादा. तू बरोबर होतास. मी उलटं केलं. मग तिने प्रत काढून टेबलावर ठेवली.

दादाने चष्मा शोधला, लावला. कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. समासातल्या ओळीवर त्याचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. 

“सेल लावला होता मी,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“मला आठवत होतं, मने. दुकानातली सगळी घड्याळं दहा वाजवत होती, तेव्हा मी सेल खिशात टाकला. स्पष्ट आठवत होतं. पण तू नक्की म्हणालीस. तेव्हापासून मला वाटतं, मला जे आठवतं ते झालेलंच नसतं.” तो रागावला नव्हता. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. कागदाची घडी घालत तो म्हणाला, “एकदा विचारायचं होतंस गं.”

 ती म्हणाली की अहवाल दिलाय, सगळं लिहिलंय, तुझी चिठ्ठी आता रद्द होईल. त्याने मान हलवली. तुझं काय, त्याने विचारलं. बघू, ती म्हणाली. मग त्याने घडी घातलेला कागद खिशात ठेवला, वरून हाताने दाबून बघितला आणि म्हणाला, चल, स्टॉपपर्यंत सोडतो.

दादाने कुलूप लावलं, एकदा ओढलं, आणि दोघं जिना उतरायला लागली. तो पुढे, ती मागे, लहानपणी उतरायची तशी. पहिला जिना. दुसरा जिना. तिला वाटायला लागलं की आज तो थांबणार नाही. आता सगळं सांगून झालं आहे, आता का थांबेल? ती त्याच्या खांद्यांकडे बघत एकेक पायरी मोजत होती. खालच्या दारापाशी उजेड दिसत होता, बाहेर ट्रामची घंटा वाजली. दादा थांबला. कठड्यावर हात ठेवून तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग वळला आणि तिच्याकडे ओशाळं हसला. “मला माहीत आहे लावलंय ते,” तो म्हणाला आणि तिच्या बाजूने वर गेला.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा आला. ती जिन्यातच उभी राहून तिसऱ्याची वाट बघत होती.